तिसरा सिलिंडर कधी झोपतो

बुधवार, ७ जानेवारी

ही वही माझी नाही. माझी नात पूर्वी, तिची आठवीची भूगोलाची. पुढच्या पानांवर नद्या आहेत. मागची पानं कोरी होती, ती मी घेतली.

"आजी, तू काय लिवनार?" म्हणाली.

म्हटलं, तुझ्या आईची लक्षणं.

तिची आई रमा, माझी थोरली सून. माझा थोरला मुलगा हरेश दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून स्टिअरिंग तिच्या हातात. डिसेंबरच्या शेवटी जुना डिझेलचा टेम्पो भंगारात घातला आणि ही सीएनजीची पिकअप घेतली, कुणाची तरी वापरलेली. कागद माझ्या नावावर. एक तारखेपासून रमाला उलव्याच्या मेसचं काम मिळालं. बांधकामावरच्या शेकडो माणसांची मेस. पहाटे पनवेलच्या मार्केटात भाजी भरायची आणि सहाच्या आत तिथं उतरवायची. कामाचा पहिला दिवस म्हणून मी एक तारखेला नारळ वाढवला, तर दोन तारखेपासून गाडी आजारी. लोकांची दृष्ट म्हणजे एवढी वाईट.

गाडी आचके देते. उभी असली की थरथरते आणि चढाला मी जिना चढताना करते तसं करते. मी त्याच दिवशी रमाला सांगितलं, क्लचवर पाय ठेवून बसतेस, दुसरं काय होणार. ~~क्लचवर पाय ठेवते हे मी स्वतः बघितलंय.~~

आज रमासोबत एझराभाऊकडे गेले. जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात गेला त्याचा. आता पनवेलात घरामागच्या पडवीत गाड्या बघतो. त्याने गाडी चालू ठेवली, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी एकेकाची वायर काढून परत लावली. पहिल्याची काढली, गाडी जास्त थरथरली. दुसऱ्याची काढली, तसंच. तिसऱ्याची काढली, आवाजात काही फरक नाही.

"हा बघा," म्हणाला, "हा आधीच झोपलेला. म्हणून काढला तरी कळत नाही. याला मिसिंग म्हणतात."

मला माझा धाकटा आठवला. कल्पेशला घरातून काढला तेव्हाही आवाजात फरक पडला नव्हता.

एझराभाऊने प्लग नवा घातला, वरचं रबर पुसलं. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. निघताना म्हणाला, "सोनाबाई, परत झालं तर दिवस लिहून ठेवा. त्या दिवशी काय झालं, आदल्या दिवशी काय झालं, सगळं. रोग दिवस धरून येतो."

म्हणून ही वही. चौथी शिकलेय मी. वाचणाऱ्याला जमलं तर वाचावं. नाहीतर वाचूच नये, माझी आहे.

संध्याकाळी गाडी बरी होऊन आली म्हणून नारळ वाढवला. टायरला थोडं पाणी, बाकी बॉनेट उघडून सगळं इंजिनाला. आमच्या घरची रीत आहे. माझा नवरा आनंदा टेम्पोतून मिठाच्या गोणी वाहायचा. दर अवसेला इंजिनाला नारळाचं पाणी द्यायचा. मिठाने पत्रा खाल्ला, इंजिन वीस वर्षं ठणठणीत. नवरा म्हणून कसा होता ते विचारू नये, पण गाडीतलं त्याला कळायचं.

गुरुवार, ८ जानेवारी

परत. चार वाजता चालू केली तीच थरथरत. रमा मेसला अर्धा तास उशिरा पोचली. तिथला मुकादम काशिराम म्हणाला, हा पहिला उशीर. तिसऱ्या उशिराला दुसरी गाडी लावीन.

मी म्हटलं, "नवा प्लग एका दिवसात खाल्लास?"

"आई, मी काय प्लग खाते?"

"मंग कोन खातो?"

ताट जोरात ठेवलं तिने. भाकरी मात्र गरम होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

एझराभाऊकडे. आज त्याने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढली. वीतभर काळा दांडा असतो, प्लगच्या डोक्यावर बसतो आणि त्याला ठिणगी देतो. तिसऱ्याची पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला. आता तिसरा जागा, पहिला झोपला. म्हणजे रोग कॉइलीबरोबर फिरतो. सुना अशा बदलून बघायची सोय असती तर गावठाणातली निम्मी भांडणं मिटली असती.

मग त्याने बॅटरी मारून प्लगच्या भोकात बघितलं. "इथं ओल आहे. इंजिन कुणी धुतलं?"

रमा म्हणाली, "मी नाय. मी काच पुसते नुसती."

मी म्हटलं, "रोज बादली घेऊन असते गाडीपाशी."

एझराभाऊने तिला बरंच ऐकवलं. इंजिनावर पाणी घालायचं नसतं, दोन वर्षं चालवतेस, कळत नाही का. रमा माझ्याकडे बघत राहिली. मी समोरच्या आंब्याकडे बघत होते. जानेवारीतच मोहोर आलाय.

नवी कॉइल रविवारी मिळेल. उद्या शनिवार, एझराभाऊ अवजाराला हात लावत नाही. बेने इस्रायल लोक, कोकणातले ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की पान्हे पेटीत. मी म्हटलं, गाडीला वार कळत नाही. तो म्हणाला, "मला कळतो ना." जुनीच कॉइल सुकवून लावून दिली, उद्यापुरती.

शनिवार, १० जानेवारी

रमा तीन सिलिंडरवर जाऊन आली. सहाला पाच कमी असताना पोचली म्हणे.

दुपारी कल्पेश आला. इथंच कामोठ्यात सेक्टरात त्याचं जागा विकायचं ऑफिस आहे. पायात बूट घालूनच ओट्यावर बसला.

"आये, बाईमानसाच्या हातात गाडी टिकत नाय. गिऱ्हाईक हाय माझ्याजवल. तू सही कर. वहिनी माझ्या हापिसात बसल. फोन उचलायचा, आल्यागेल्याला चाय द्यायची. पंख्याखाली काम."

रमा आतून ऐकत होती. भांडं घासायचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, बघू.

बघू म्हटल्यावर भांड्याचा आवाज परत सुरू झाला, पण वेगळा. मला आवाज कळतात. कॉइल नाही कळत.

रविवार, ११ जानेवारी

नवी कॉइल बसली. गाडी बरी. नारळ वाढवायचा होता, घरात नाही. मंगळवारी आणीन, देवीचा वार.

सोमवार, १२ जानेवारी

गाडी बरी. रमा गाणं म्हणत होती. आवाज काही खास नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

गाडी बरी. भोगीची भाजी केली. संध्याकाळी नारळ आणला, मोठा, पाणीदार. रविवारचा राहिलेला धरून दोन दिवसांचं इंजिनाला दिलं. रमा आत बाजरीच्या भाकऱ्या थापत होती.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

उलव्याच्या रस्त्याला पुलाच्या चढावर गाडी बसली. मागे अकरा क्रेट कोबी, सात टोमॅटो. रमाने रस्त्यावर हात करून दुसरा टेम्पो थांबवला, एकटीने क्रेट चढवले. मेसला पोचेपर्यंत साडेसात. काशिराम मुकादम म्हणाला, दुसरा उशीर. आता एक राहिला.

घरी आली तेव्हा कोपरापर्यंत खरचटलेलं. मी तिळगूळ पुढे केला. म्हणाली, "गोड बोला म्हणायचं असलं तर नको, आई. खायाला असलं तर द्या."

दिला.

मग मीच बोलले. म्हटलं, "नवीन कॉइल तीन दिवसांत घालवलीस. धुऊ नको सांगितलं होतं ना त्याने?"

"मी धुतली नाय."

"मंग पानी काय आभालातून आला? पाऊस हाय?"

तिने पदर खोचला आणि बाहेर गेली. किती वेळ गाडीच्या पायरीवर बसून होती. गाडी गेली तर ही कल्पेशच्या ऑफिसात चहा देत बसेल. मला काय, मला घरात दोन माणसं बोलायला मिळतील असं मी मनाशी म्हणून बघितलं. बरोबर बसलं नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

एझराभाऊला सर्दी. नाकाला रुमाल बांधून काम. भोकात परत ओल. तेल गळतं का बघितलं, नाही. झाकण तडकलंय का बघितलं, नाही. हवा मारून सगळं सुकवलं, रबर पुसलं. कॉइल वाचली.

"कॉइल मरत नाही, सोनाबाई, तिला कुणीतरी मारतंय. गाडी उभी कुठे करता? वरून काही गळतं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेजारच्या गोदूची गॅलरी! गाडी तिच्याखालीच असते आणि ती बया रोज कुंड्यांना पाणी घालते. घरी आल्या आल्या हाक मारली.

"गोदे, तुझ्या तुलशीचा पानी माझ्या गाडीत येतो!"

"बॉनेट बंद असतो ना तुझ्या गाडीचा? का तुलस पान्हा घेऊन उतरते खाली?"

"तुझी तुलस तुझ्यासारखीच, काय भरवसा!"

अर्धी आळी गोळा झाली. गोदूने मला काय काय म्हटलं ते भूगोलाच्या वहीत लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं तेही नाही.

भांडताना बॉनेटला टेकले होते, तर हाताला मुंग्या. बॉनेट उघडून बघितलं, इंजिनावर लाल मुंग्यांची रांग, सरळ आत चाललेली. पूर्वीला दोन शब्द सुनावले, गाडीत तिळगूळ खाते म्हणून. ती म्हणाली, मी पुढं बसून खाते, इंजिनात बसून नाय. तोंड कुणावर गेलंय कळत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

गाडी बरी. रमा वेळेवर. कल्पेशचा फोन, गिऱ्हाईक रविवारी येतो. म्हटलं, रविवारी अवस आहे, अवसेला कुणी सौदा करतं का? सोमवारी सकाळी नऊला ये.

हो म्हटलं मी. असं आहे. रोजची ही कटकट माझ्याने बघवत नाही. पहाटे गाडी चालू झाली की मी अंथरुणात कान लावून असते, आवाज सरळ जातो की अडखळतो. नाक्यापर्यंत ऐकू येतो, पुढे मी मनात ऐकते. विकली तर निदान झोप लागेल.

रमाला अजून सांगितलं नाही.

संध्याकाळी नारळ. देवीला म्हटलं, सोमवारपर्यंत तरी चालव. इंजिनाला पाणी देताना मुंग्या वाहून गेल्या, ते एक बरं झालं.

शनिवार, १७ जानेवारी

परत. रमा आज मुद्दाम पाऊण तास आधी निघाली होती म्हणून सहाला टेकली, नाहीतर संपलं होतं. एझराभाऊ आज नाही. उद्या घरी येतो म्हणालाय, गाडी उभी असते ती जागा बघायला. मला निरोप दिलाय, वही तयार ठेवा.

ठेवते. उद्या त्याच्यासमोर एकेक दिवस वाचून दाखवते. बादली, क्लच, सगळं. एकदाचा निकाल लागू दे.

रविवार, १८ जानेवारी, अवस

हे नीट लिहायचं.

एझराभाऊ दहाला आला. आधी गॅलरी बघितली, मग बॉनेट उघडून वर-खाली बघितलं. गोदू वरून ओरडली, "बघा बघा, माजी तुलस सापडते का!" त्याने मान हलवली. गॅलरीतलं पाणी पडलं तरी काचेवर पडेल, आत नाही.

"वाचा," म्हणाला.

मी ओट्यावर बसले. एका बाजूला चष्म्याचं घर, दुसऱ्या बाजूला अवसेसाठी सोलून ठेवलेला नारळ. रमा गाडीला टेकून उभी. पूर्वी दारात.

वही हातात दिली नाही, मीच वाचली. मधलं गाळत गाळत. देवाधर्माचं मेकॅनिकला काय करायचंय, म्हणून नारळही गाळत गेले.

"दोन तारीख, आजारी. सात, बरी केली. आठ, आजारी. अकरा, बरी केली. बारा, बरी. तेरा, बरी. चौदा, बंद..."

"थांबा. अकरा, बारा, तेरा तीन दिवस बरी होती? मग तेराला काय झालं? संध्याकाळी?"

मी पान बघितलं. पानावर दुसरं काही नव्हतंच. भोगीची भाजी आणि नारळ.

मागे गेले. सात तारीख, संध्याकाळ, नारळ. आठला आजारी. एक तारीख, नारळ. दोनला आजारी. पुढे गेले. सोळा, नारळ. सतरा, परत. अकराला नारळ घरात नव्हता, तर बाराला गाडी बरी. माझंच अक्षर. कुणी दुसऱ्याने लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, खोटं आहे.

"काय लिहिलंय?" एझराभाऊने परत विचारलं.

भोगीची भाजी, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. वही मिटली असती, उद्या नऊला सही झाली असती, आणि ती गाडी दुसऱ्या घरी जाऊन कधीच बंद पडली नसती. रमा जन्मभर समजली असती की तिच्याच हाताला गुण नाही. हा हिशेब मी केला. पापणी लवायच्या आत केला, पण केला. इथं लिहिते म्हणजे केला नाही असं नंतर म्हणता येणार नाही.

मग म्हटलं, "भाऊ, पानी मी घातला. नारलाचा."

"कुठे?"

"इंजिनाला."

"किती?"

"एका नारलात मावतो तेवढा. दर बारीला."

त्याने तिसऱ्याची कॉइल उपसली, बॅटरी मारली आणि मला बोलावलं. खोल भोकात तळाशी चमकत होतं. त्यात चार मुंग्या मेलेल्या. सर्दी उतरली होती त्याची, वास घेतला. "आंबलंय. ताडीमाडीच्या दुकानासारखं." मग हसायला लागला तो, पान्हा खाली ठेवून हसला. नेमकं तिसऱ्याचं भोक खोलगट जागी आहे म्हणे, वर घातलेलं सगळं तिथं उतरतं.

मी म्हटलं, "वीस वर्सं डिझेलच्या टेम्पोला घातला. त्याला कदी काय झाला नाय."

"डिझेलला ठिणगी लागतच नाही, सोनाबाई. तो दाबाने पेटतो. त्याला नारळ काय, पूर्ण विहीर घातली तरी प्लग भिजायचा नाही, कारण प्लग नाहीच. ही सीएनजी. हिला कडक ठिणगी लागते. ओल्या काडीपेटीने चूल पेटते का?"

चूल मला कळते.

रमा अजून गाडीला टेकूनच होती. म्हणाली, "आई, तीनदा तुमी मला खोटी पाडलीत."

मी म्हटलं, "चारदा. दोन तारखेला पन बोलले होते."

"आनि सोमवारी कल्पेशभावजी येनारायत, ते कदी सांगनार होता?"

तिला माहीत होतं. पूर्वीने फोन ऐकला असणार, त्या पोरीच्या कानात कॉइल आहे. माफीबिफी मला येत नाही, आमच्या पिढीत ती शिकवली नाही आणि चौथीपर्यंतच्या पुस्तकात नव्हती. वही उचलली आणि तिच्या हातात दिली.

"घे. सगला लिवलाय. पयल्या पानापासून वाच."

ती वही घेऊन आत गेली. एझराभाऊने भोक कोरडं केलं, कॉइल उन्हात ठेवली, चहा दोनदा घेतला. वरून गोदू विचारत होती, "काय सापडला? काय सापडला?" मी वर बघून सांगितलं, "तुझी तुलस नाय." आजच्या दिवशी मला तेवढंच जमलं.

सोमवार, १९ जानेवारी

वही पहाटे चार वाजता परत मिळाली, चहाच्या कपाखाली. रमा एवढंच म्हणाली, "क्लचवर पाय मी ठेवत नाय. तेवढं खोडा."

खोडलं. पहिल्या पानावर आहे.

कालचा अवसेचा नारळ तसाच राहिला होता. तो टायरपाशी वाढवला. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. तसंही रमा चावी मुठीत धरूनच उभी होती. पाणी पेल्यात धरलं. इंजिनाला द्यायचं नाही आणि सांडायचंही नाही, मग कुणाला द्यायचं? तिला दिलं. तिने उभ्याने प्यायलं, पेला माझ्या हातात दिला आणि गाडीत चढली. गाडी नाक्यापर्यंत सरळ गेली. पुढे मी ऐकलं नाही. परत झोपले.

नऊला कल्पेश आला. बरोबर गिऱ्हाईक, कागद, पेन. अंगणात बघतो तर गाडी नाही.

"आये, गाडी कुठं?"

"कामावर गेली. पावनेसहाला पोचली. रमाने फोन केला."

"आज पोचली, उद्या परत बंद पडंल. तू सही कर."

"नाय पडायची."

"तुला काय ठावं?"

"बंद पाडनारी घरात बसलीय."

त्याला कळलं नाही. गिऱ्हाईकाला तर काहीच कळलं नाही, ते बिचारं गोदूच्या कुंड्या बघत होतं. मी दोघांना ओल्या खोबऱ्याचा तुकडा दिला आणि म्हटलं, बूट काढून बसा.

बसले नाहीत. घाईत कागद नेले, पेन इथंच राहिलं. चांगलं आहे, जाड उमटतं. त्यानेच लिहितेय.